एकोणीस अंश

ब्रेकर उघडताना आत नेमकं काय होतं, हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. बाहेरून दिसतो तो चिनीमातीचा उंच खांब, खाली राखाडी पेटी आणि पेटीत ताणून ठेवलेली स्प्रिंग. ट्रिपचं बटण दाबलं की ‘धाड’ असा आवाज येतो आणि खेळ संपतो. १४५ केव्हीच्या ब्रेकरला सगळं काम ६० मिलिसेकंदांत, म्हणजे तीन सायकलमध्ये उरकायचं असतं. पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात त्या खांबाच्या पोटातला गॅस कुठून कुठे धावतो, हे संगणकावर काढून दाखवायचं, हे माझं नाशिकच्या अंबडमधलं काम.

नोकरी लागली तेव्हा आत्याला सांगितलं, “गॅसच्या गणिताचं काम आहे.” तिने लगेच विचारलं, “मग आपला सिलिंडर लवकर मिळेल का गं?” त्यानंतर मी नातेवाइकांना समजावणं सोडून दिलं. उत्तमनगरहून स्कूटीवर निघायचं, एक्स्लो पॉइंटची गर्दी ओलांडायची. कूलंटचा आणि तापल्या लोखंडाचा वास नाकात शिरला की कंपनी आली.

आमचा गॅस जळत नाही, जळणारं विझवतो. सल्फर हेक्झाफ्लोराइड हे नाव फक्त कागदावर. बोलताना एसएफ सिक्स, नाहीतर नुसता ‘गॅस’. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो हवेच्या पाचपट जड. टाकीत किंवा खड्ड्यात साचला तर माणसाला कळायच्या आत गुदमरवतो, म्हणून पहिल्याच दिवशी दम भरतात, “खाली वाकून डोकं आत घालायचं नाही.” या गॅसमधून आवाजसुद्धा रमतगमत जातो, सेकंदाला साधारण १३५ मीटर. हवेत हाच वेग ३४० च्या आसपास. माझं सगळं गणित या एका आकड्याभोवती फिरतं.

दोन कॉन्टॅक्ट एकमेकांपासून दूर गेले म्हणून एवढा करंट थांबत नाही. तो मधल्या गॅसला फाडून वाहत राहतो. तोच आर्क. गाभ्यात वीस हजार अंशांच्या घरातला. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांचा, यावरून कल्पना करा. सुदैवाने एसी करंट दर १० मिलिसेकंदांनी आपण होऊन शून्यावर येतो. त्या क्षणी जोरात फुंकर घातली आणि मधली जागा थंड केली, तर आर्क परत पेटत नाही. फुंकर घालायची सोय सायकलच्या पंपासारखी: हलणाऱ्या कॉन्टॅक्टबरोबर एक सिलिंडर मागे खेचला जातो, आतला दट्ट्या जागचा हलत नाही, गॅस दाबला जातो आणि टेफलॉनच्या नॉझलमधून सुटतो. याला पफर म्हणतात. नॉझलचा घसा, म्हणजे थ्रोट, अरुंद. पुढे तो कर्ण्यासारखा उघडत जातो. गुस्ताफ द लावाल या स्वीडिश इंजिनिअरने हा आकार एकोणिसाव्या शतकात वाफेच्या टर्बाइनसाठी वापरला. दुधातून मलई वेगळी काढणारं फिरतं यंत्रही त्याचंच. आमच्याकडे गावच्या डेअरीत लावालचं नाव कुणाला ठाऊक नसतं, पण मलई मात्र त्याच्याच युक्तीने निघते.

आर्क मोठा असला की थ्रोटमध्ये तो स्वतःच बूच होऊन बसतो, गॅस मागेच तुंबतो आणि तापतो, टेफलॉनची आतली कातडी वाफ होऊन उडते. चाळीस हजार अँपिअर तोडलेला ब्रेकर उघडला की आत राखाडी-पांढरी पूड दिसते आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. या चाचण्यांचे किस्से सगळे रंगवून सांगतात, कारण त्यात आग आहे. मला मात्र दमवलं ते एका अगदी फुसक्या करंटने.

लांबच्या लाइनला दुसऱ्या टोकाला काहीही जोडलेलं नसलं तरी ती थोडा करंट ओढते, कपॅसिटरसारखी. तो तोडणं म्हणजे खरं तर पोरखेळ. कॉन्टॅक्ट जेमतेम सुटले की आर्क विझतो. अडचण त्यानंतर येते. लाइनवर चार्ज अडकून राहतो, इकडे सप्लायचा व्होल्टेज उलटा फिरतो, आणि बरोबर अर्ध्या सायकलनंतर, दहाव्या मिलिसेकंदाला, कॉन्टॅक्टच्या मधे दुप्पट व्होल्टेज उभा राहतो. १४५ केव्हीच्या ब्रेकरला एका फेजचं शिखर सुमारे ११८ केव्ही, त्याची दुप्पट २३७. चाचणीत त्याहूनही जास्त. आणि सेकंदाला सहा मीटर वेगाने पळणारा कॉन्टॅक्ट दहा मिलिसेकंदांत जाऊन जाऊन जातो सहा सेंटिमीटर.

तेवढं अंतर पुरावं. गॅस एक बार दाबाला मिलिमीटरमागे ८.९ केव्हीच्या आसपास तग धरतो आणि आमच्या खांबात तो सहापट दाबाने भरलेला. पण हा हिशोब गॅस जागच्या जागी असेल तरचा. आमचा तर त्या क्षणी नॉझलमधून धावत असतो! समोरच्या कॉन्टॅक्टचा मधला पिन थ्रोटमधून बाहेर पडला की गॅसला वाट मोकळी होते, थ्रोटपाशी तो आवाजाचा वेग गाठतो आणि पुढच्या कर्ण्यात त्याहून जोरात पळतो. पळताना तो विरळ होतो. आवाजाच्या वेगाला मूळ घनतेच्या साठ टक्के, दुप्पट वेगाला जेमतेम सहावा हिस्सा. ही विरळ जागा नेमकी पिनच्या टोकापुढे तयार होते, आणि विजेचा सगळा ताणही त्याच टोकावर. विझवायला आर्क उरलेला नाही, तरी पंपाला थांबता येत नाही. त्याची फुंकरच आपल्या भिंतीत भोक पाडते.

ते भोक कधी पडतं, कुठे पडतं आणि किती खोल, हे शोधायचं होतं. नॉझलचा अर्धा उभा छेद घ्यायचा, त्याच्यावर लाखभर चौकटींची जाळी टाकायची आणि प्रत्येक चौकटीत दाब, वेग, तापमान सोडवत मिलिसेकंदाच्या हजाराव्या भागाने पुढे सरकायचं. त्यात कॉन्टॅक्ट हलतो, म्हणजे जाळीसुद्धा हलती. संध्याकाळी रन टाकून घरी जायचं आणि सकाळी चहाच्या आधी तो कुठवर पोचला ते बघायचं. एकदा रात्री लाइट गेली, यूपीएसने वीस मिनिटांत मान टाकली आणि दोन रात्रींचं काम वाहून गेलं. वीज तोडायचं यंत्र करणाऱ्यांचं गणित वीज तुटल्याने मेलं, यावर कँटीनमध्ये आठवडाभर हशा होता. तेव्हापासून मी दर तासाला फाइल साठवते.

चित्रं मात्र सुंदर यायची. निळ्यातून हिरवं, हिरव्यातून लाल, पिनच्या टोकापुढे फुग्यासारखा फुगत जाणारा विरळ गॅस. साहेब मागे उभे राहून बघायचे आणि पाहुण्यांनाही आणून दाखवायचे. या चित्रांवर मी एक आलेख काढला: गॅस प्रत्येक क्षणाला किती व्होल्टेज सोसेल याची वरची रेष, प्रत्यक्ष येणाऱ्या व्होल्टेजची खालची. दोन्हींमध्ये कुठेही वीस टक्क्यांपेक्षा कमी फट नव्हती. अहवालाखाली सही केली.

एप्रिलमध्ये चाचणीची तारीख मिळाली. अशा प्रयोगशाळा देशात मोजक्या, तारखेसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं आणि दिवसाचं भाडं ऐकून अकाउंट्सवाले पाणी मागवतात. पहिले काही शॉट चांगले गेले. मग एकात पडद्यावरची रेष चढता चढता, नवव्या मिलिसेकंदाच्या जरा पुढे, सरळ खाली कोसळली. रिस्ट्राइक, म्हणजे विझलेला आर्क परत पेटला. आवाजात काहीच फरक नव्हता. खांब जसाच्या तसा उभा. मी मात्र खुर्चीत आणखी खाली सरकले.

परत आल्यावर ब्रेकर उघडला. नॉझलच्या पांढऱ्या शुभ्र कर्ण्यात केसासारखी काळी रेघ होती, पिनच्या टोकाजवळून निघालेली. माझ्या चित्रात लाल फुगा जिथे होता, रेघ तिथेच. म्हणजे जागा मी अचूक सांगितली होती. तिथे काही होणार नाही असंही मीच सांगितलं होतं. मिटिंगमध्ये डिझाइनने प्रॉडक्शनकडे बघितलं, प्रॉडक्शनने क्वालिटीकडे, क्वालिटीने छताकडे. “सॉफ्टवेअर काय, जे भराल तेच देतं,” असं एक जण म्हणाला. तो मला टोमणा होता आणि शंभर टक्के खरा होता, म्हणून जास्त लागला.

मी काय भरलं होतं ते पुन्हा तपासायला बसले. समीकरणं, गॅसचे गुणधर्म, जाळी बारीक केली तर उत्तर बदलतं का, हे सगळं मी आधीच दहादा करून ठेवलेलं. यात माझं शिक्षण होतं, म्हणून त्याच्यावर माझी नजर होती. ज्यात शिक्षण नव्हतं ते मी सहज टाइप करून गेले होते. कॉन्टॅक्ट कोणत्या क्षणी कुठे असतो, तो ट्रॅव्हल कर्व्ह, मी जुन्या मॉडेलचा घेतला होता. स्प्रिंग तीच, पेटी तीच, मग वेग तोच, असं मनाने ठरवून टाकलं. आणि थ्रोटचं माप ड्रॉइंगवरून घेतलं.

शॉपमध्ये टेफलॉनचं सगळं काम एका मामांकडे होतं. निफाडकडचे, घरची थोडी द्राक्षबाग, लेथवर तीस वर्षं. मला ते ‘मॅडम’ म्हणायचे आणि लांबूनच बोलायचे. मी तो काळी रेघ पडलेला नॉझल हातात घेऊन कोपऱ्यात उभी होते, तर जवळ आले.

“काय बघू राहिले मॅडम?”

“मामा, याचा बोअर ड्रॉइंगप्रमाणेच आहे ना?”

त्यांनी नॉझल उलटा केला, खालचा नंबर वाचला. “हा जानेवारीतला. फर्स्ट शिफ्टचा.” मग जरा थांबून, “टेफलॉन थंडीत वेगळं माप देतं, दुपारी वेगळं. लोखंडासारखं नसतं ते.”

“मग सांगितलं का नाही कुणाला?”

“विचारलं कोणी?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. “क्वालिटीनं मोजलं, शिक्का मारला. त्यांनीबी सकाळीच मोजलं ना.”

नाशिकची थंडी बाहेरच्यांना खोटी वाटते. शहरात पहाटे पारा दहा-अकरावर येतो, निफाडला त्याहून खाली. तिकडे घडांना थंडी बाधू नये म्हणून बागांमध्ये रात्री शेकोट्या पेटवतात. मामा असल्या पहाटे मोटरसायकलवर अंबडला यायचे आणि पत्र्याच्या शेडमध्ये टेफलॉनला टूल लावायचे. मी घरी जाऊन पुस्तक उघडलं. टेफलॉनच्या स्फटिकांची रचना १९ अंश सेल्सिअसला बदलते. त्या एका पायरीवर त्याचं आकारमान एक टक्क्याहून अधिक फुगतं, नेहमीच्या प्रसरणापेक्षा वेगळं. म्हणून त्याचं माप घ्यायचं ते २३ अंशांवर, असा संकेत आहे. पुस्तकात हे एका ओळीत होतं. कॉलेजमध्ये त्या ओळीखाली मी रेघसुद्धा मारली होती! पण १९ अंश म्हणजे जानेवारीतल्या अंबडची सकाळ आणि दुपार यांच्या मधली जागा, हे कधी सुचलं नाही.

खात्री करायला आम्ही एक नॉझल बर्फाच्या पेटीवर ठेवून पार गार केला आणि दुसरा माझ्या टेबलावर. बोअर गेजने मामांनीच मापं घेतली. ३० मिलिमीटरच्या थ्रोटमध्ये १२० मायक्रॉनचा फरक. कागदावर नगण्य. पण पिन आणि थ्रोटच्या मधली फट एका बाजूला २५० मायक्रॉनची. ती ६० ने वाढली, म्हणजे गॅस गळायची वाट जवळपास चतुर्थांशाने रुंद झाली. पिन थ्रोटमध्ये असताना पफरमध्ये जो दाब साठायचा, तो आधीच बाजूने निसटत होता.

तरी एवढ्याने माझी वीस टक्क्यांची फट मिटत नव्हती. मग ट्रॅव्हल कर्व्हकडे वळले आणि यात दीड महिना गेला. चालत्या पफरमधला दाब मोजायचा तर सिलिंडरला भोक पाडून दाबाचा सेन्सर बसवावा लागतो. तो सिलिंडर सेकंदाला सहा मीटर वेगाने पळून झटक्यात थांबतो. सेन्सरची केबल दर शॉटला तुटायची. सरळ ठेवली तर ताणून तुटायची, सैल ठेवली तर कॉन्टॅक्टमध्ये अडकून. एक केबल बारा हजारांची. पाचवी तुटली तेव्हा साहेबांनी मोजायला सुरुवात केली. शेवटी मामांनी घरच्या बागेतली तार बांधायची एक पद्धत शिकवली: केबल आठच्या आकारात गुंडाळायची, दोन ठिकाणी टेफलॉनच्या टेपने हलकी चिकटवायची, म्हणजे ती उलगडत जाते, ओढली जात नाही. सहावी केबल चाळीस शॉट टिकली. यावर मी एक तांत्रिक टिपण लिहिलं, त्यात ‘द्राक्षबागेची गाठ’ असं लिहायची फार इच्छा होती. ‘आठ-आकाराची रचना’ असं लिहिलं.

मोजलेला कर्व्ह माझ्या कर्व्हवर ठेवला आणि गोष्ट उघडी पडली. नव्या सिलिंडरचा व्यास मोठा. गॅस दाबताना त्याचा उलटा रेटाही मोठा. सुरुवातीला कॉन्टॅक्ट जुन्यासारखाच पळतो, पण दोन-तृतीयांश वाटेवर त्याला दम लागतो. नवव्या मिलिसेकंदाला पिनचं टोक विरळ जागेतून पुढे गेलं असेल असं मी धरलं होतं. प्रत्यक्षात ते अजून तिथेच घुटमळत होतं. गॅस कॉन्टॅक्टला अडवतो आणि कॉन्टॅक्ट गॅसला दाबतो, दोघांचं एकत्र सोडवायला हवं होतं. मी एकाला आधीच ठरवून टाकलं आणि दुसऱ्याचं सुंदर चित्र काढलं. खरा कर्व्ह आणि खरा बोअर घालून रन टाकला. सकाळी बघितलं तर वरची रेष खालच्या रेषेला एकाच ठिकाणी छेदत होती, नऊ मिलिसेकंदांच्या जरा पुढे.

मी हा आलेख छापून मामांना दाखवायला नेला. साहेबांना नंतर दाखवला. मामांनी चष्मा काढून, घालून, परत काढून बघितला. “म्हणजे आपला बोअर एकटा दोषी नाही.”

“नाही मामा. जास्त चूक माझी.”

“बरं झालं ताई,” ते म्हणाले. ते मला ताई पहिल्यांदाच म्हणाले.

नॉझलच्या कर्ण्याचा कोन बदलला, स्प्रिंग थोडी कडक केली. त्यासाठी सत्तरेक रन लागले. पुढची चाचणी पार पडली आणि तिच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही. त्याहून अवघड गेलं ते टेफलॉनच्या लेथसाठी एसीची खोली मंजूर करून घेणं. साहेब लोक माझ्या केबिनला एसी द्यायला तयार होते, लेथला नाही. अखेर ड्रॉइंगवर एक ओळ चढली: शेवटचा कट घेण्याआधी भाग २४ तास २३ अंशांवर ठेवावा. ओळ चढल्यावर खोली आपोआप आली, कारण ड्रॉइंगवरची ओळ मोडली तर ऑडिटमध्ये शेरा बसतो.

आता तो गॅसच जायला निघालाय. हवेत सुटलेला एक किलो एसएफ सिक्स शंभर वर्षांच्या हिशोबात तेवीस-चोवीस हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडकवतो. १९९७ च्या क्योटो करारापासून तो यादीत आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमाने, थोडे अपवाद सोडता, १४५ केव्हीच्या नव्या ब्रेकरमध्ये तो २०२८ पासून चालणार नाही. पूर्वी दुरुस्तीच्या वेळी गॅस सरळ हवेत सोडलेला मी पाहिला आहे, व्हॉल्व्ह उघडून, गप्पा मारत. आज शेवटच्या श्वासापर्यंत खेचून टाकीत भरतात. पुढे काय, याला दोन उत्तरं आहेत: व्हॅक्यूम, नाहीतर कार्बन डायऑक्साइडमध्ये दुसरे वायू मिसळून केलेलं मिश्रण. कार्बन डायऑक्साइडमध्ये आवाज जवळजवळ दुप्पट वेगाने जातो, म्हणजे तीच फट दुप्पट घाईने गळते, दाब लवकर उतरतो, आणि इतक्या वर्षांत पाठ झालेले माझे सगळे अंदाज कामातून गेले. आमच्याकडे नवीन लागलेला मुलगा याच्यावर काम करतो. त्याचे रन रात्रभर चालत नाहीत, दुपारच्या जेवणापर्यंत संपतात. चित्रं माझ्यापेक्षा सुंदर येतात.

मागच्या जानेवारीत त्याने पहिला अहवाल आणून दिला. मी चित्रांची पानं उलटून थेट शेवटी गेले, भरलेल्या आकड्यांच्या तक्त्यावर. “थ्रोटचं माप कुठून घेतलंस?”

“ड्रॉइंगवरून, मॅम.”

मी फोन उचलला आणि मामांना लावला. ते निवृत्त होऊन निफाडला असतात. पलीकडून आधी कुत्र्याचं भुंकणं आलं, मग त्यांचा आवाज.

“मामा, पारा किती तिकडे?”

“सहा. रात्रभर शेकोट्याच लावून राहिलो बागेत.” मग थोडं थांबून, “त्या खोलीतला एसी चालू आहे ना गं?”

मी फोन स्पीकरवर टाकला आणि मुलाला खुर्ची पुढे ओढायला सांगितलं.